शोभा, रविवार चालू आहे

शोभा,

तू गेल्याची बातमी ग्रुपवर आली आणि तिच्यात चूक होती. 'महाड तालुक्यातील आपल्या सर्वांच्या लाडक्या शोभाताई' असं कोणीतरी लिहिलं होतं. मी माझ्या मेडिकलच्या दुकानात उभी, समोर गिऱ्हाईक, हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. वाचलं, पुन्हा वाचलं. डोक्यात अजून काही शिरलंही नव्हतं, तेवढ्यात खाली बापट सरांचा मेसेज आला : 'अत्यंत दुःखद. मात्र त्यांचे गाव पोलादपूर तालुक्यात येते, कृपया दुरुस्ती करावी.' त्यावर कोणीतरी म्हणालं, जुन्या काळी पोलादपूर महाडातच होतं. त्यावर सर म्हणाले, पुरावा द्या. लगेच एकाने नकाशाचा फोटो टाकला. तुझ्या मरणाच्या बातमीखाली हे कितीतरी वेळ चाललं होतं. मध्येच कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकायचं, आणि पुन्हा तालुका सुरू.

माझं पित्त खवळलं. 'लाज वाटत नाही का' असं लिहायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले, कारण हे सगळं तुला कधी एकदा सांगते असं मला झालं होतं. पोलादपूरला फोन लावायचा, वाचून दाखवायचं आणि दोघींनी पोट धरून हसायचं. बोट तुझ्या नावावर गेलंसुद्धा. मग मात्र बातमी शिरली. गिऱ्हाईक बिचारं 'ताई, नंतर येतो' म्हणून बाटली तिथेच ठेवून निघून गेलं.

ही आपली माणसं, बाई. चूक दिसली की गप्प बसायचं नाही हे तूच त्यांना शिकवलंस. आता भोग फळं.

आज दुकान उघडायच्या आधी हे लिहायला बसले आहे. तुझ्याबद्दल चार चांगल्या ओळी ग्रुपवर सगळ्यांनी लिहिल्या, मी काहीच लिहिलं नाही. मला तुझ्याबद्दल लिहायचंच नाही. तुझ्याशी बोलायचं आहे, आणि थोडं भांडायचं आहे.

पहिल्यापासूनच आपलं भांडण. 'चौकस' हा ग्रुप बापट सरांनी काढला. सर भूगोलाचे, निवृत्त झाले तरी नकाशा काही सुटला नव्हता. महाड-पोलादपुरातले सामान्यज्ञानाचे वेडे त्यांनी गोळा केले. शिक्षक, दुकानदार, औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करणारे, इथून मुंबईला गेलेले. रविवारी दुपारी चहाच्या वेळेला एकाने एकेक करून दहा प्रश्न टाकायचे, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची, मोबाइलवर शोधायचं नाही. मी आत शिरले आणि जिंकायला लागले. पाठांतर माझं आधीपासून पक्कं. देश, राजधान्या, चलनं, शोध कोणी लावला, पहिलं कोण, सगळ्यात मोठं कोण. आणि मग एका रविवारी 'पोलादपूरकर' नावाच्या कोणीतरी प्रश्न काढले आणि मी सपाटून हरले. नावाशेजारी खंड्या पक्ष्याचा फोटो. मला वाटलं, एखादे रिटायर्ड गृहस्थ असतील, हाताशी भरपूर वेळ असलेले. मी तावातावाने लिहिलं, 'साहेब, हे काय सामान्यज्ञान झालं?' तू मला खूप दिवस साहेब म्हणू दिलंस. त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही.

तो प्रश्न आठवतोय? 'आपण रोज ज्या हायवेने जाता, त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडाचं डोकं कोणत्या रंगाचं?' बस. एमआयडीसीत रोज मोटरसायकलने जाणाऱ्यांनी हिरवं, काळं, पांढरं, वाटेल ते लिहिलं. चंद्रकांत, आपला केमिकल प्लांटवाला, त्याने लिहिलं, 'दगड हायत का अजून?' बापट सरांनी पांढरं सांगितलं आणि वर दोन परिच्छेदांचं स्पष्टीकरण दिलं. उत्तर पिवळं. राष्ट्रीय महामार्गाला पिवळं, राज्य महामार्गाला हिरवं. ते वाचल्यावर माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की दुसऱ्या दिवशी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि दगड शोधायला गेले. रस्तारुंदीत बरेचसे उखडले होते. एका टपरीच्या मागे एक सापडला, कलंडलेला, डोक्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातलेला. टॉवेल उचलला. पिवळं होतं. टपरीवाला माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याला उगाचच म्हटलं, 'पिवळं आहे हो.'

मोबाइलला विचारून उत्तर मिळेल असा प्रश्न तू कधी काढलाच नाहीस. म्हणजे मिळालं असतं, पण तुझा प्रश्न वाचला की माणूस मोबाइल बाजूला ठेवून उठायचा. औषधाच्या पाकिटावर लाल उभी रेघ कशासाठी असते, हे विचारलंस तेव्हा सगळ्यांनी घरातले डबे उपसले. मला ते येणारच होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही ते औषध, माझा धंदाच तो. पण त्या आठवड्यात चार जण दुकानात येऊन 'ताई, लाल रेघ हाय ना हिला?' असं विचारून गेले. नोटेवर मराठीच्या वर कोणती भाषा छापलेली असते, हे विचारलंस तेव्हा मुंबईच्या एकाने लिहिलं की, बसमध्ये कंडक्टरसमोर नोट धरून उभा राहिलो आणि मागच्या लोकांनी शिव्या घातल्या. वर मल्याळम, खाली नेपाळी. ते मी आता मरेपर्यंत विसरणार नाही, आणि ते माहीत असून मला काडीचा उपयोग नाही.

उपयोग. त्यावरून आपलं जे वाजायचं! मी म्हणायचे, ग्रुपवर इतकी माणसं आहेत, कोणाची मुलगी पोलीस भरतीला बसते, कोणाचा भाऊ तलाठी परीक्षेला, त्यांना कामाला येईल असं काहीतरी विचार. तू म्हणायचीस, 'परीक्षेसाठी गाईड हाय की बाजारात. रविवारी पण परीक्षाच द्यायची काय गो माणसांनी?' मी म्हणायचे, नुसती मजा किती दिवस? तू म्हणायचीस, 'मरेपर्यंत.' हे भांडण आपण तुझ्या स्वयंपाकघरात केलं, माझ्या काउंटरवर केलं, फोनवर तर किती वेळा. एकदाही निकाल लागला नाही. मला अजूनही वाटतं, की थोडं माझंही बरोबर होतं.

आपण पहिल्यांदा भेटलो ते तळ्यापाशी. 'वीस मार्चला आईला घेऊन चवदार तळ्यावर येणार आहे, दुकान तुमचं बाजारातच ना?' असा तुझा मेसेज आला. त्या दिवशी महाडात पाय ठेवायला जागा नसते, मला दुकानात मान वर करायला फुरसत नसते. पाण्याच्या बाटल्या, उन्हाने चक्कर आलेल्यांना साखर-मिठाच्या पुड्या, पायाला फोड आलेल्यांना पट्ट्या. एक बाई पांढऱ्या साडीत काउंटरला आली आणि म्हणाली, 'एक प्रश्न इचारू?' मी वर न बघता म्हटलं, 'पटकन विचारा.' तू म्हणालीस, 'साहेब कुठं दिसतायत का?' मी तुझ्याकडे बघितलं आणि आधी काही कळेना. मागे तुझी आई तोंडाला पदर लावून हसत होती.

मग तू मला ओढून तळ्यावर घेऊन गेलीस. दुकान नवऱ्यावर टाकून मी गेले. सत्याग्रहाचं साल मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं, माझा जन्म इथला, पण त्या दिवशी त्या पायऱ्यांवर मी पहिल्यांदाच उभी होते. तू ना कौतुक केलंस, ना टोमणा मारलास. आईला हात धरून पाण्यापर्यंत नेलंस, तिने ओंजळ भरली, डोक्याला लावली. मला म्हणालीस, 'ही दर वर्षी येते. हिला साल इचारलंस तर नाय सांगता येणार.' तेवढंच. त्यानंतर दर मार्चमध्ये मी यायचे, आणि येत्या मार्चमध्येही येणार आहे. तुझ्या आईला कोण घेऊन येणार याची काळजी करू नकोस, ते माझ्याकडे लागलं.

एकवीसचा पूर. दुकानात छतापर्यंत पाणी, वीज नाही, रेंज नाही. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर ताडपत्रीखाली बसलेलो. रेंज आली आणि मोबाइलमध्ये जे काही पडायला लागलं, त्यात तुझा मेसेज होता : 'प्र. महाडच्या मेडिकलवाल्या नलिनीताई सध्या कुठे आहेत? (अ) पोटमाळ्यावर (ब) गच्चीवर (क) नातेवाइकांकडे (ड) कुठेही असोत, जिवंत आहेत. शोधू नये, स्वतः उत्तर द्यावे.' मी लिहिलं, 'ब आणि ड.' तुझं लगेच, 'एकच पर्याय निवडावा.' आणि मग फोन वाजला आणि तुला बोलता येत नव्हतं, नुसती रडत होतीस. मीच तुझी समजूत घालत होते, पुरात मी आणि समजूत तुझी.

रस्ता सुरू झाल्याबरोबर तू आलीस. खराटा घेऊन आलीस. माझ्या दुकानातला चिखल तू जसा काढलास तसा माझ्या सख्ख्या माणसांनी काढला नाही, हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं, कारण त्याच वेळी मी तुझ्यावर खेकसत होते की ती फळी आधी धू, ही नंतर.

त्याच दिवसांत ग्रुपवर कोणीतरी हौसेने 'चालू घडामोडी' म्हणून दरडीखाली गेलेल्या तळीये गावावर प्रश्न टाकला होता. तू तो काढायला लावलास. विचारलं तर आवाजात मेसेज पाठवलास, मी तो अजून ठेवला आहे. 'तळीयेत आपल्या वळखीची माणसं होती. त्यावर गुण द्यायचे नाय. दुसरा प्रश्न घ्या.' कोणी एक शब्द उलट बोललं नाही. बापट सरसुद्धा.

आता मुद्द्याला येते.

आपल्या ग्रुपचा नियम, जो रविवारी जिंकेल त्याने पुढच्या रविवारचे प्रश्न काढायचे. बापट सरांनी तो बक्षीस म्हणून केला होता. बहुतेकांना ती शिक्षा वाटायची. उत्तर देणं वेगळं आणि प्रश्न काढणं वेगळं, हे ज्याने दोन्ही करून बघितलं त्यालाच कळतं. मी जिंकायचे आणि लगेच तुला फोन करायचे, 'शोभा, मला नाही जमत, तूच काढ.' तू म्हणायचीस, 'बरं.' हळूहळू बाकीचेही तेच करायला लागले. चंद्रकांत जिंकला, तुला दिला रविवार. सर जिंकले, 'शोभाताई, या वेळी तब्येत बरी नाही.' जिंकणारे बदलत राहिले, प्रश्न मात्र सगळे तुझे. शाळेत क्लार्कची नोकरी, घरी आई, शेताचं थोडंफार, आणि दर रविवारी दहा प्रश्न. इतके रविवार तू एकटीने ओढलेस आणि आम्हाला वाटत राहिलं, की हे आपोआप होतं.

त्यामुळे तू गेल्यावर पहिलाच रविवार कोरा गेला. चहाच्या वेळेला मी मोबाइल समोर ठेवून बसले होते. सगळेच बसले असतील. कोणी काही टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापट सरांनी लिहिलं, की शोभाताईंच्या सन्मानार्थ 'चौकस' शांतपणे बंद करावा, हीच खरी श्रद्धांजली ठरेल. खाली अंगठ्यांची रांग. श्रद्धांजली म्हणे! माझ्या तोंडात आलेला शब्द इथे लिहीत नाही. मी सरांना फोन केला. म्हटलं, 'सर, कंटाळा आला म्हणा, भीती वाटते म्हणा, पण तिचं नाव पुढे करू नका.' सर म्हणाले, 'नलिनी, मला खरंच प्रश्न काढता येत नाहीत गं. चाळीस वर्षं मुलांना विचारले ते सगळे पुस्तकाच्या धड्याखालचे.' त्यांचा आवाज ऐकून माझा राग गेला. पण ग्रुप बंद करायला मी तयार नव्हते.

तेवढ्यात दुसरं संकट. एका ऑनलाइन क्लासच्या माणसाचा फोन. गोड बोलणारा. 'मॅडम, आमच्याकडे रेडीमेड क्वेश्चन बँक आहे. रोजचा सेट आम्ही टाकू, भरतीला अपेक्षित असे सगळे. तुम्हाला काहीच करायचं नाही. मेंबर तुमचे, कंटेंट आमचा.' मी विचार करून सांगते म्हटलं आणि चूक केली, ग्रुपवर सांगितलं. निम्म्या लोकांना ते आवडलं. चंद्रकांत शिफ्ट संपवून सरळ दुकानात आला. म्हणाला, 'ताई, माजी पोरगी भरतीला बसतेय. फुकट मिळतंय तर घ्यायला काय हरकत हाय? ग्रुप पण चालू ऱ्हाईल.'

बघ शोभा, आपलं भांडण माझ्या बाजूने सुटत होतं. उपयोग होणार होता, मी इतकी वर्षं मागत होते तोच. मला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. चंद्रकांतचं चूक नव्हतं, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच मागितलं असतं. मी त्याला म्हटलं, मुलीला क्लासचा नंबर देते, तिने खुशाल लावावा. पण रविवार द्यायचा नाही. तो म्हणाला, 'मग प्रश्न कोण काढणार?' मी म्हटलं, 'मी.' तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला त्याला हाकलून द्यावंसं वाटलं.

म्हणून मी तुझ्या घरी आले. तुझ्या आईला भेटायला आले होते हे खरं, पण मनात दुसरंही होतं. मला वाटत होतं, तू पुढचे प्रश्न कुठेतरी लिहून ठेवले असतील. एखादी वही, मोबाइलमध्ये काहीतरी. तीन-चार रविवार निघाले असते, तोवर मला सुचलं असतं. आईने ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. तुझं कपाट उघडून दाखवलं. शाळेची कागदपत्रं, साड्या, पुस्तकं. प्रश्न कुठेच नाहीत. आई म्हणाली, 'कागदावर काय नाय लिवायची ती. शेनिवारी भाकऱ्या थापता थापता मला इचारायची, आये, आपल्या गोठ्यातली गाय खाली बसताना आधी पुढचं पाय मोडते का मागचं? मी सांगलं की ती खूश व्हायची.' मी विचारलं, 'मग, कुठलं गं आधी?' आई म्हणाली, 'जा की, बघून ये.'

मी गोठ्यात जाऊन उभी राहिले. तुमची गाय काही बसायलाच तयार नाही. मी उभी, ती उभी. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्या पायांकडे. दुपार टळली. शेवटी ती बसली, पुढचे पाय आधी मोडून. आणि मला तिथे शेणाच्या वासात जे रडू फुटलं, ते तुझ्या बातमीपासून अडकलेलं सगळं होतं. आई दारात येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, 'झालं? चल, भाकरी खा.'

पुढचा आठवडा मी डोळे उघडे ठेवून फिरले. तुला खोटं वाटेल, पण या गावात जन्म काढूनही मी काहीही बघितलेलं नव्हतं. आमच्या दुकानाच्या शटरला किती कड्या आहेत, बाजारातली वडापावची गाडी कोणत्या दिशेला तोंड करून उभी असते, पुलावर पुराच्या पाण्याची खूण कुठे मारलेली आहे. लिहून काढलेले पहिले सगळे प्रश्न टाकाऊ होते. नवऱ्यावर प्रयोग केले. तो म्हणाला, 'हे कोणाला कळणार आहे तुझ्याशिवाय?' तेव्हा तुझं म्हणणं आठवलं. तू म्हणायचीस, प्रश्नात न येणाऱ्यालाही शिरायला एक फट ठेवायची. ज्याला येत नाही त्यालाही वाटलं पाहिजे, की अरे, हे मला यायला हवं होतं. ऐकायला सोपं. शनिवारपर्यंत माझे नऊ झाले. दहावा काही केल्या होईना, तेव्हा मी सोपा म्हणून आपल्या नदीवर काढला : महाबळेश्वरला एकाच ठिकाणी उगम पावतात म्हणतात त्या पाच नद्यांपैकी कोकणात उतरणारी कोणती? सावित्री. ती आपल्या दारातून जाते. पोलादपूर, महाड, बाणकोट. यात चुकायला जागाच नव्हती. मी पुस्तक उघडलं नाही, कोणाला विचारलं नाही.

रविवार आला. चहा निवून गेला. पहिला प्रश्न टाकला. दोन मिनिटं काहीच नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मग एक उत्तर आलं, मग दुसरं, मग भराभर. गाईचा प्रश्न मी तुझ्या आईच्या नावाने टाकला होता. मुंबईच्या मंडळींनी नुसते अंदाज ठोकले, इथल्या एकाने चक्क गोठ्यातून फोटो टाकला. सर 'पुढचे' म्हणाले आणि बरोबर आले, आणि त्यांनी उद्गारचिन्हांची माळ लावली.

दहाव्याला घोळ झाला. सगळ्यांनी सावित्री लिहिलं. मी 'बरोबर' लिहिणार, तेवढ्यात चंद्रकांत : 'आणि गायत्री?' त्याची सासुरवाडी वर घाटाच्या बाजूला. तो म्हणाला, गायत्री पण हिकडंच उतरते, सावित्रीला मिळते, आमचे सासरे सांगतात. सर म्हणाले, गायत्री नकाशावर वेगळी दाखवत नाहीत. चंद्रकांत म्हणाला, नकाशा काढणारा काय आमच्या सासऱ्यांना इचारून गेलता काय? एकाने जुनं पुस्तक उघडलं, त्यात वेगळंच. दुसऱ्याने दुसरं, त्यात तिसरंच. जी नदी आम्ही रोज ओलांडतो, जिचं पाणी घरात शिरून गेलं, तिच्याबद्दल कोणालाच खात्री नव्हती, आणि मला सर्वांत कमी. सगळे महाड-पोलादपूरकर तावातावाने भांडत होते. मुंबईच्या एकाने लिहिलं, पुढच्या सुट्टीत येतो, सगळे जण वर जाऊन बघू.

मी प्रश्न मागे घेतला. लिहिलं, 'प्रश्नात चूक आहे, चूक माझी, कोणालाच गुण नाहीत. गायत्रीचं जाऊन बघायचं आहे.' कोणी तुझं नाव काढलं नाही. बरं वाटलं मला त्याचं. सगळे भांडणात होते.

गुण मोजले. चंद्रकांत जिंकला. आणि लगेच दुकानाच्या फोनवर त्याचा फोन आला. 'ताई, मला काय ते प्रश्नाचं जमणार नाय. शिफ्ट असते. तुमी किती मस्त काढलं आज. पुढचा पण तुमीच काढा.'

शोभा, हीच वाक्यं. मी तुला हीच वाक्यं म्हटली होती, शब्दाला शब्द. मस्त काढतेस, तूच काढ. आणि आता तुझ्यावर राग काढते तो ऐकून घे. तू 'बरं' म्हणायला नको होतंस. तुला वाटलं, आपण हिचं काम हलकं करतोय. तू मला नुसतं उत्तरं देणारी ठेवलंस. गोठ्यात उभं राहायला मला तुझ्या मरणापर्यंत थांबावं लागलं. आपण दोघींनी मिळून ती गाय बघितली असती, गो. तू तिथेच असतीस, हसली असतीस मला. ते तू माझ्याकडून काढून घेतलंस, आणि याचं उत्तर तुला कधी ना कधी द्यावं लागेल.

फोनवर चंद्रकांत 'हॅलो, ताई, हाय ना?' करत होता.

'आहे,' मी म्हटलं. 'पुढचा रविवार तुझा. सुट्टीच्या दिवशी दुकानात ये, मी बरोबर बसते. पण काढायचे तू.'

तो म्हणाला, 'आणि नाय जमलं तर?'

मी म्हटलं, 'तर चुकीचे काढ. आम्ही आहोत भांडायला.'

— नलिनी